बायाक्काचा नंबर

वडगावच्या बायाक्काच्या घरात इंग्रजीचा एकच शब्द शिरला, पण असा शिरला की भाडेकरू म्हणून आला आणि घरमालक होऊन बसला. तो शब्द म्हणजे नंबर.

तुम्ही म्हणाल, एका शब्दाचं एवढं काय कौतुक! पण हा गडी भलताच हरहुन्नरी. नळाला पाणी यायच्या आधी बाया रिकाम्या घागरी ओळीनं मांडून जातात, तो नंबर. शाळेत पोरगी पहिली आली तर तिचा नंबर आला, आणि तीच पोरगी वर्गात करंगळी वर करून उभी राहिली तर तिला एक नंबरला जायचं असतं. सोयरीक जुळवताना मुलाच्या धंद्याची चौकशी आवाज बारीक करून करायची, "दोन नंबरचं काय न्हाय न्हवं?" शेजारणीनं धाडलेल्या आमटीला नावाजायचं तर "एक नंबर!" चपलेला नंबर, मोबाइलला नंबर, शेताला नंबर, खानापूरच्या बसला नंबर. कन्नड बोलणारा दुकानदार आणि मराठी बोलणारं गिऱ्हाईक दिवसभर हुज्जत घालतील, पण नंबरपाशी आले की दोघांचं एकमत. हा शब्द दोन्ही घरी सारखाच नांदतो, आणि कुणी त्याला तू कुठला म्हणून विचारत नाही.

बायाक्काला मात्र या सगळ्यांत एकच नंबर खरा वाटायचा, तो सुताचा. सूत जितकं बारीक तितका त्याचा नंबर मोठा. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासऱ्यानं तिला चाळीस नंबरच्या सुतावर बसवलं. मग साठ, मग ऐंशी, आणि तिशी उलटायच्या आत ती शंभर नंबरच्या सुतावर साड्या विणायला लागली. डोळे मिटून, चिमटीत धागा फिरवून ती नंबर सांगायची. सूतवाल्यानं ऐंशीचं म्हणून साठचं दिलं तर पुडकं तिथल्या तिथं परत. अख्ख्या गल्लीत तिच्या बोटांचा दबदबा होता.

गेलं वर्षभर मात्र ती डोळे मिटूनच नंबर सांगत होती, कारण उघडून काही उपयोग नव्हता.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. घरात तिचा मुलगा रविराज, सून माधवी आणि पुढच्या खोलीत दिवसभर खडखडणारे तीन यंत्रमाग. मधल्या खोलीत बायाक्काचा खड्डामाग. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून काठावर बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातांनी धोटा पळवायचा. वडगावात असे माग पूर्वी घरोघर होते, आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. दिवाळीत बायाक्कानं त्यावर नवा ताणा, म्हणजे उभं सूत, चढवला. धागा तुटला की सांधायचा असतो. तिला तुटलेलं टोकच सापडेना. ती दहा वेळा चाचपायची, अकराव्यांदा उठायची आणि "आज अंग दुखतंय" म्हणायची. संक्रांत आली, गेली. साडी वीतभरसुद्धा पुढं सरकली नाही.

त्यातच पौषात एके दिवशी ती मागावर बसायला गेली आणि काठाचा अंदाज चुकून थेट खड्ड्यात गेली. गुडघा सुजला. रविराजनं तेव्हा काही म्हटलं नाही. आठ दिवसांनी जेवताना म्हणाला, "आई, आयतवारी शाळेत डोळ्यांचा क्यांप हाय. दाखवून ये. डॉक्टर म्हनाली माग चालवायला हरकत न्हाय, तर खड्डा तसाच ऱ्हाईल. न्हायतर सोमवारी फरशीवाल्याला बोलावलोय. खड्डा बुजवून टाकू."

"मी पडलो न्हवतो. बसताना जरा घाई झालती," बायाक्का म्हणाली. आमच्याकडं बायकाही "गेलो, पडलो"च म्हणतात.

"बरं, घाई झालती. पर डोळं दाखव."

"आनि खड्डा बुजवून तिथं चौथा यंत्रमाग बसवनार व्हय?"

"बसवीन न्हायतर रिकामं ठेवीन. तू परत पडलीस तर मी गल्लीत कुनाला तोंड दावू?"

माधवी भाकरी वाढत होती. तिनं दोघांकडं बघितलं आणि आत गेली.

बायाक्काला रात्रभर झोप लागली नाही असं काही मी सांगणार नाही. चांगली झोपली ती. पण सकाळी उठली ती क्यांपाला न जायची सबब शोधतच. डोळे दाखवायला ती का घाबरायची, तर तिची थोरली बहीण शहापूरची गंगाक्का. गंगाक्काला एकदा चष्म्याचा नंबर लागला. पहिल्या वर्षी दोन, मग तीन, मग साडेचार. सहावर गेला तेव्हा तिनं माग विकला आणि ओट्यावर बसून शेंगा फोडायला लागली. बायाक्कानं त्यातून एक सिद्धान्त काढला होता, आणि शिकलेली माणसंही असले सिद्धान्त काढतात म्हणून तिला हसण्यात अर्थ नाही. तो असा: नंबर काढला नाही तर तो वाढेल कसा? न लावलेलं झाड वाढतं का कधी?

रविवारी सकाळी रविराज साड्या घेऊन निपाणीला गेला. माधवीला यंत्रमाग सोडून हलता येत नव्हतं. शाळा दोन गल्ल्या सोडून, तेव्हा बायाक्का एकटीच निघाली. अंगावर तिनं मुद्दाम स्वतः विणलेली हिरवी साडी घातली होती, गेल्या वर्षाची. मागावरून उतरलेली शेवटची.

शाळेच्या ओसरीवर माणसांच्या आधी वस्तू रांगेत बसल्या होत्या. ही आमच्याकडची जुनी रीत. माणसानं उन्हात कशाला ताटकळायचं, आपली एखादी वस्तू ठेवावी आणि सावलीत जाऊन गप्पा माराव्यात. एक चप्पल, एक डबा, छत्री, कुणाची तंबाखूची चंची, आणि विणकरांच्या वस्तीत हमखास असतात त्या सुताच्या कांड्या. बायाक्का लवकर आली तेव्हा त्यांतल्या दोनच कांड्या होत्या; तिनंही कमरेची कांडी काढून तिसऱ्या जागी ठेवली. पहिल्या दोन कांड्या कुणाच्या, हे तिनं बोटांनी ओळखलं. एक साठ नंबरची, म्हणजे गल्लीतल्या मष्णूची आई. दुसरी रेशमाची, म्हणजे कोपऱ्यावरचा परशराम.

नऊ वाजता आरोही नावाची कॉलेजातली मुलगी चिठ्ठ्या वाटायला आली. वस्तू उचलायची, मालक ओरडायचा, चिठ्ठी मिळायची. बायाक्काला तीन नंबर मिळाला. रांगेच्या शेपटाकडं मात्र गोंधळ सुरू झाला.

"माझा धोंडा कुटं गेला? हितं मी धोंडा ठेवलतो!"

ओरडणारी बाई साठीची, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली. जांबोटीच्या पुढच्या रानातल्या वाडीतून ती पहाटेच्या बसनं आली होती. नाव मालुबाई. तिनं रस्त्याकडचा एक धोंडा आणून रांगेत ठेवला आणि पाणी प्यायला गेली. तेवढ्यात शाळेचा शिपाई झाडायला आला. चप्पल, डबा, कांडी त्यानं ओळखली, पण धोंड्याला काय, तो धोंडाच. त्यानं उचलून कंपाउंडाबाहेर टाकला. मालुबाईला मिळाला एक्केचाळीस.

"माझी गाडी साडेबाराला हाय गं बाय," ती आरोहीला सांगत होती. "ती चुकली की मग पाचला. जांबोटीत उतरून म्होरं दोन कोस रान. गव्यांचं कळप आसत्यात वाटंत."

बायाक्कानं हे ऐकलं आणि तिच्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी आल्या. एक दया. दुसरी कोणती ते सांगायला नको, पण तिचे पाय मात्र लगबगीनं उठले.

"आक्का, माझा तीन नंबर घ्या. मी हितलीच हाय, मला कसली घाई?"

"खरंच देताय व्हय?"

"घ्या वो."

मालुबाईनं दोन्ही हात जोडले. बायाबापड्या म्हणाल्या, बघा, मन असावं तर असं. बायाक्का एक्केचाळीस नंबरची चिठ्ठी घेऊन कडुनिंबाखाली बसली. 

साडेदहाला अडतीस नंबर पुकारला तेव्हा ती उठून उभी राहिली. तेवढ्यात तिला केदारी दिसला. बोरगावहून आलेला म्हातारा, शुगरचा माणूस, उपाशीपोटी बसून घामेजलेला. त्याची चिठ्ठी अडुसष्ट. बायाक्कानं त्याला पुरतं बोलूही दिलं नाही, एक्केचाळीस त्याच्या हातात कोंबला. केदारीनं तोंड भरून आशीर्वाद दिले. थोड्या वेळानं मष्णू आला. आई केव्हाच दाखवून परतली होती आणि घरी माग चालू ठेवून तो स्वतःचे डोळे दाखवायला पळत आला होता. त्याच्याकडं ब्याण्णव. "मष्णू, तुझा माग चालू हाय न्हवं? हा घे अडुसष्ट."

"आक्का, तुम्ही देवमानूस," मष्णू म्हणाला.

देवमाणूस! बायाक्काला तो शब्द सुईसारखा टोचला. तिला ठाऊक होतं आपण काय करतोय ते. दान म्हणून जे वाटतोय ते दान नाही, पळ काढणं आहे. पण लोक भलं म्हणत असताना पळ काढायला किती सोपं जातं, हे ज्यानं पळून बघितलंय त्यालाच कळेल. साडेअकरा झाले. अजून थोडा वेळ काढला की क्यांप संपणार. मग रविराजला सांगायचं, गर्दी लई होती, नंबरच आला न्हाय. आणि सोमवारी फरशीवाला आला तर त्याला दारातून हाकलायचं, अजून दाखवायचंय म्हणून. पुढचा क्यांप वर्षानं. वर्ष मिळालं की झालं.

मालुबाईची तपासणी केव्हाच झाली होती. डोळ्यांत थेंब घालून तिला बाकावर बसवलं होतं, मग परत आत नेलं आणि चष्मा लिहून दिला. आता तिनं पिशवी उचलून निघायला हवं होतं, कारण वडगावहून बसस्टँड काही जवळ नाही. पण ती सरळ कडुनिंबाखाली आली.

"आक्का, तुमचा नंबर अजून आला न्हाय?"

"येतोय की."

"कितवा हाय?"

बायाक्कानं चिठ्ठी मुठीत दाबली. मालुबाई तिच्या शेजारी बसली.

"माझ्या डोळ्यांत थेंब हायती, समदं धुरकट दिसतंय. पर मानूस वळखाय येतंय. त्या म्हाताऱ्याला दिलासा, मग त्या पोराला दिलासा. मला पयल्यांदा वाटलं, काय बाई हाय, देवीच! तिसऱ्यांदा बघितलं तवा म्हटलं, ही बाई देत न्हाय, ही भीतीया."

बायाक्का चिठ्ठीची घडी घालत आणि उलगडत राहिली. 

"मी बी भ्यालतो," मालुबाई म्हणाली. "गेल्या म्हयन्यात आमच्या फाट्यावर लाकडाच्या लॉरीला हात केलो, बस म्हनून. डायवर खाली उतरून हसत सुटला. घरात कुनाला सांगितलं न्हाय. डोळं गेलं म्हटलं की सुना रोप लावाय सुदिक नेत न्हाईत. पर आक्का, आमच्याकडं पाऊस लई. पूर आला की डोळं झाकून काठावर उभं ऱ्हायलं म्हंजे पानी उतरतंय व्हय?"

मग बायाक्काच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. दोन तासांपूर्वी ओळख झालेल्या बाईला तिनं ते सांगितलं, जे पोटच्या पोराला वर्षभर सांगितलं नव्हतं. ताणा, तुटलेलं टोक, खड्ड्यात पडणं, सोमवारचा फरशीवाला, गंगाक्काच्या शेंगा. शेवटी म्हणाली, "डॉक्टरीण न्हाय म्हनाली की माझा माग गेला. मग मी कोन? घरात बसून नुसतं खानारं एक तोंड."

"आनि न दाखवता ऱ्हायलासा तर माग चालतोय व्हय?"

 हा प्रश्न बायाक्काला वर्षभर कुणी विचारला नव्हता, म्हणून चाललं होतं.

"जावा तुम्ही," ती म्हणाली. "तुमची गाडी चुकंल."

"चुकू दे. तुम्ही आत गेल्याबिगार मी हलत न्हाय." आणि मालुबाईनं पिशवी मांडीवर घेऊन खरोखरच बैठक मारली.

बायाक्कानं खूप सांगून बघितलं. गव्यांची भीती घातली, दोन कोस रानाची आठवण दिली. मालुबाई जागची हलेना. घड्याळात पावणेबारा झाले, बारा झाले, सव्वाबारा झाले. आता धावत सुटली असती तरी साडेबाराची बस तिला मिळाली नसती. बायाक्का रडायच्या बेतात आली. तीन माणसांना तिनं नंबर दिले होते, पण त्यात तिचं काही गेलं नव्हतं. या बाईनं मात्र आपली घरची वाट सोडली होती, आणि तीही कुणासाठी, तर ज्या बाईचं नाव तिला सकाळी ठाऊक नव्हतं तिच्यासाठी.

"उठा," बायाक्का म्हणाली. "जातो आत."

पण नशीब बघा. ती पायरीवर पोचते तोच आरोही बाहेर आली आणि म्हणाली, "नव्वदपर्यंतच हं! वेळ संपलीया. एक्याण्णवपासनं पुढचे सगळे परवा दवाखान्यात या."

बायाक्काच्या मुठीत ब्याण्णव. सकाळपासून जी गोष्ट तिनं देवाकडं मागितली ती नेमकी आता, नको असताना, पदरात पडली. ती पायरीवरच थांबली. एकदा परत फिरलो तर परवा आपण येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. उद्या तर सोमवार.

मालुबाईनं मात्र इकडं तिकडं बघितलं नाही. तिनं बायाक्काचं मनगट धरलं आणि आरोहीच्या बगलेखालून तिला थेट वर्गात घेऊन गेली. डॉक्टरीण तरुण होती, कन्नड बोलणारी. ती यंत्राला झाकण घालत होती.

"नंबर एष्टु?" तिनं मान वर न करता विचारलं. कितवा नंबर, म्हणून.

"नंबर इचारू नकोस बाय," मालुबाई म्हणाली. "मानूस आलंय, त्येला बघ."

आरोही मागून धावत आली. तिनं डॉक्टरणीला भराभर कन्नडमधून सांगितलं, की या आजीनं सकाळपासून तिघांना आपला नंबर दिलाय. डॉक्टरणीनं बायाक्काकडं बघितलं, तिच्या हातातल्या ब्याण्णवच्या चिठ्ठीकडं बघितलं आणि यंत्रावरचं झाकण परत काढलं. "बर्ली, बर्ली," ती म्हणाली. येऊ दे, येऊ दे. मग मोडक्या मराठीत, "बसा आज्जी. भिऊ नका."

टॉर्च मारून झाली. थेंब घालून झाले, वाट बघून झाली, हनुवटी यंत्रावर टेकवून झाली. मग डॉक्टरणीनं बायाक्काच्या नाकावर एक जड, रिकामी चौकट बसवली आणि तीत काचा घालायला सुरुवात केली. "हे बरं का हे? आता हे बरं का हे?" समोर अक्षरांचं कार्ड धरलं.

बायाक्का चौथीपर्यंत शिकली होती. पण अक्षरांवर तिचा कधीच फारसा विश्वास नव्हता. तिनं कार्ड बाजूला सारलं आणि अंगावरच्या साडीचा पदर उचलून डोळ्यांसमोर धरला.

काच बदलली. पदर हिरवा होता, हिरवाच राहिला. काच बदलली. हिरव्यात रेघा आल्या. आणखी एक काच, आणि बायाक्कानं पदर घट्ट धरला. धागा दिसला! एक उभा, एक आडवा, त्याच्या खाली दुसरा, शेजारी तिसरा. तिनं अंगठ्याचं नख लावून मोजायला सुरुवात केली. ओठ हलत होते. वर्षभरानं भेटलेली माणसं मोजावीत तशी ती धागे मोजत होती. डॉक्टरीण आरोहीला इंग्रजीत काही आकडे सांगत होती, आरोही लिहून घेत होती, पण बायाक्काचं तिकडं लक्षच नव्हतं.

आणि मोजता मोजता तिचं नख थांबलं. काठाला लागून दोन आडवे धागे सुटले होते. पुढं वीतभरावर आणखी एक. तिनं, बायाक्कानं, शंभर नंबरवर हात बसलेल्या बाईनं विणलेल्या साडीत! ती शरमेनं लाल झाली. पण मग तिनं आणखी जवळ धरून बघितलं. सुटलेल्या जागी कुणीतरी सुईनं रफू केलं होतं. इतकं बारीक, की नुसत्या डोळ्यांना कधी दिसलं नसतं. आणि टाका उलट्या अंगानं गेलेला. डाव्या हाताचा.

घरात डावरी एकच, माधवी.

म्हणजे माधवीला ठाऊक होतं. ही साडीच नव्हे, त्याआधीच्या दोन साड्याही तिनंच अशा दुरुस्त केल्या असतील. सासू दुपारी आडवी झाली की खिडकीत बसून एकेक चूक शोधायची, एकेक टाका घालायचा, आणि संध्याकाळी "आत्ती, साडी झक्क झालीया" म्हणायचं. रविराजला ठाऊक असल्याशिवाय हे कसं होईल? त्याला खड्ड्याची जागा नको होती. त्याला आई हवी होती, धडधाकट. बायाक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डॉक्टरीण घाबरली, काच टोचली की काय म्हणून.

"न्हाय गं बाय," बायाक्का म्हणाली. "मला दिसतंय म्हनून रडतो."

निकाल असा निघाला, की उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि तो काढायला हवा. डाव्या डोळ्याला जवळचं बघायला चष्मा पुरेल, आणि तसा तयार चष्मा क्यांपातच मिळाला. बायाक्कानं एकच प्रश्न विचारला.

"मागावर बसाय येतंय न्हवं?"

आरोहीनं तो कन्नडमध्ये सांगितला. डॉक्टरणीनं मान डोलावली. ऑपरेशननंतर महिनाभर विश्रांती, मग उजेडात बसून विणायचं, थकवा आला की थांबायचं. "आनि सावकाश खाली उतरायचं, आज्जी. उडी मारायचं नाही."

ऑपरेशनच्या यादीत पहिली तारीख मंगळवारची होती आणि त्यात एकच जागा उरली होती. आरोहीनं तिथं बायाक्काचं नाव लिहिलं. शेजारी आण्णाप्पा नावाचा किराणा दुकानदार उभा होता. ती जागा गेल्यामुळं त्याला पुढच्या महिन्याची तारीख मिळाली, आणि सकाळपासूनचं सगळं दानसत्र त्यानं पाहिलं होतं.

"आक्का," तो मधाळ आवाजात म्हणाला, "तुम्ही लई मोठ्या मनाच्या. म्हयन्यानं आमच्या दुकानात गर्दी असतीया. तुमचा मंगळवार मला द्या, माझी तारीख तुम्ही घ्या."

बायाक्काला क्षणभर वाईट वाटलं, सवयच होती ती. मग तिनं नव्या चष्म्यातून त्याच्याकडं बघितलं.

"न्हाय जमायचं," ती म्हणाली. "ह्यो माझा नंबर हाय."

आण्णाप्पानं मनातल्या मनात तिला चिक्कू म्हटलं असणार. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिला तसं म्हटलं असेल, आणि तिला ते चक्क आवडलं. मालुबाई तर तोंडाला पदर लावून हसत होती.

बाहेर आल्यावर बायाक्का मालुबाईला म्हणाली, "आता पाचच्या गाडीनं जायचं न्हाय. आज आमच्या घरी ऱ्हायचं. सकाळच्या गाडीला मी सोता बसवून देतो." मालुबाईनं आढेवेढे घेतले, पण तेवढ्यापुरतेच. तिच्या वाडीतल्या पोराला निरोप देण्यासाठी आरोहीनं फोन लावला, आणि मग त्याच फोनवरून रविराजला.

रविराज निपाणीच्या बाजारात होता. मागं गाड्यांचा नुसता कालवा.

"रवी, फरशीवाल्याला येऊ नको म्हनून सांग."

 "डॉक्टर काय म्हनाली?" त्यानं विचारलं.

"उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. मंगळवारी तू कुटं जाऊ नको. म्हयन्यानं मागावर बसायचं म्हनाली. आनि ऐक. मला वर्षभर धड दिसत न्हवतं रं. तुला मी खोटं सांगत आलतो."

"ठावं हाय, आई."

"तुला ठावं हाय ते मला आज ठावं झालं. माधवीचं रफू दिसलं." तिनं मालुबाईकडं बघितलं. "घरात पावनी येतीया. जांबोटीकडची. येताना काय तरी गोड आन."

"आनतो. लई गोड आनतो." तो नाक ओढत होता, कालव्यात लपवायचा प्रयत्न करत. मग बोलायला काही सुचेना तेव्हा माणूस विचारतो तसं त्यानं विचारलं, "चष्म्याचा नंबर कितीचा आला?"

बायाक्का बोलायला गेली आणि थांबली. तिनं चष्मा काढून उलटासुलटा करून बघितला. वर्षभर ज्या आकड्याच्या भीतीनं ती पोराशी खोटं बोलली, तिनं तिघांना फसवून देवमाणूस म्हणवून घेतलं, तो आकडा आज आला होता, लिहिलाही गेला होता, आणि तो ऐकायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"इचारायचं ऱ्हायलंच की रं," ती म्हणाली. "पर दिसतंय."